संधिवात व अस्थिस्नायू-आरोग्य : विद्यार्थ्यांसाठी अध्ययन-साधने आणि त्यांची निवड

प्रस्तावना

आपल्या संस्थांमध्ये भौतिकोपचार, औषधनिर्माण, परिचर्या, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान, युनानी वैद्यक आणि जीवशास्त्र अशा विविध शाखांचे विद्यार्थी शिकतात. या सर्वांना कोणत्या ना कोणत्या सत्रात हाडे, सांधे व स्नायू यांचे आरोग्य हा विषय अभ्यासावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना अस्थिस्नायूंचा कोणता तरी विकार आहे. भारतात केवळ ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यांच्या झिजेचे, रुग्ण १९९० मध्ये सुमारे २.३ कोटी होते. २०१९ पर्यंत ते सुमारे ६.२ कोटींवर गेल्याचा अंदाज आहे.

विषयाचे महत्त्व आकड्यांपुरते मर्यादित नाही. आपले बरेच विद्यार्थी घरातील पहिलेच शिक्षित आरोग्यसेवक असतात. आईची बोटे सुजली, मामूंचा गुडघा धरला, की डॉक्टरांच्या आधी त्यांनाच विचारले जाते. त्या वेळी ‘वात आहे, वय झाले की होतोच’ एवढेच उत्तर दिले गेले तर त्याची किंमत मोठी असते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सुरुवातीचे महिने निर्णायक असतात. सांधा सुजलेल्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने तपासावे आणि आजार आटोक्यात ठेवणारे औषध शक्यतो तीन महिन्यांत सुरू व्हावे, अशी युरोपीय संधिवाततज्ज्ञ संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. हा काळ निसटला तर बोटे वाकतात आणि ती पुन्हा सरळ करणारे औषध नाही.

अध्ययन-साधनांची आज वाण नाही. मात्र बहुतेक साधने आजारांची नावे आणि यादी शिकवतात. एक आजार दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखावा हे शिकवणारी साधने थोडी आहेत. साधनांची निवड याच कसोटीवर करावी, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे आणि त्या कसोटीवर उतरणाऱ्या काही साधनांचा परिचय करून दिला आहे.

१. एकच शब्द, अनेक आजार

पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत ‘संधिवात’ हा शब्द सांध्याच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याला लावला जातो. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘गठिया’, बडोद्यात ‘सांधानो वा’ आणि बेळगाव परिसरातील कन्नड घरांत ‘कीलु नोवु’ असे शब्द कानावर येतात. यांतला एकही शब्द आजाराचा प्रकार सांगत नाही; दुखणे सांध्याचे आहे एवढाच बोध होतो. वस्तुतः या एका नावाखाली निदान चार वेगळ्या प्रक्रिया येतात.

(अ) ऑस्टिओआर्थ्रायटिस : कूर्चा झिजते, हाडाच्या कडा वाढतात. गुडघा, नितंबाचा सांधा व बोटांची टोके यांना हा विकार अधिक होतो.

(आ) ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस : शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात. स्त्रियांत प्रमाण अधिक असते.

(इ) गाउट : रक्तातील युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून असह्य वेदना सुरू होते.

(ई) अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस : तरुण वयात कंबर व पाठीचा कणा आखडतो. एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी याचा संबंध १९७३ मध्ये दिसून आला.

आपल्या जुन्या वैद्यकपरंपरांनीही सर्व दुखणी एकत्र मोजली नव्हती. आयुर्वेदात आमवात, वातरक्त व संधिगतवात असे भेद आहेत. युनानी ग्रंथांत ‘वजउल मफासिल’ हे सांधेदुखीचे व्यापक नाव असून ‘निक्रिस’ व ‘इर्कुन्नसा’ यांची चर्चा वेगळी केली जाते. हे शब्द आजच्या निदानांशी तंतोतंत जुळतात असे मानू नये. परंतु भेद करण्याची गरज जुनी आहे हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते. युनानीतील सुरंजान या वनस्पतीच्या कुळातूनच कोल्चिसिन हे द्रव्य १८२० मध्ये वेगळे करण्यात आले आणि गाउटच्या झटक्यात ते आजही वापरले जाते.

सत्राच्या प्रारंभी विद्यार्थ्यांकडून एक शब्दपत्रिका करून घ्यावी : घरात व वस्तीत सांधेदुखीला कोणते शब्द वापरतात, ते कोणत्या दुखण्याला लावतात, आणि त्यामागे कोणती निदाने असू शकतात. हे पहिले अध्ययन-साधन वर्गातच तयार होते व त्यास खर्च येत नाही.

२. शरीररचना शिकवणारी साधने

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ १८५८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मजकूर हेन्री ग्रे यांचा आणि चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. कार्टर यांनी अवयवाचे नाव बाजूला अक्षर-खुणेने न देता बऱ्याच ठिकाणी थेट अवयवावरच लिहिले. त्यामुळे वाचकाला चित्र व सूची यांमध्ये नजर फिरवावी लागली नाही. हेच कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि पुढे साताऱ्यासही वैद्यकीय अधिकारी होते. पायाची हाडे पोखरणाऱ्या ‘मदुरा फूट’ या बुरशीजन्य आजारावरील त्यांचा ग्रंथ १८७४ चा आहे. त्या जुन्या ग्रंथाची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून तिच्यातील चित्रे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ती छापून, इंग्रजी नावे झाकून, त्यांवर मराठी किंवा उर्दू नावे विद्यार्थ्यांकडून लिहवून घेता येतात.

आजच्या ज्ञानासाठी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे ‘अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’ हे पुस्तक उपयुक्त आहे. पहिली आवृत्ती २०१३ ची, दुसरी २०२२ ची. सहा ते अकरा ही प्रकरणे हाडे, सांधे व स्नायू यांवर आहेत. त्यांपैकी नववे सांध्यांना वाहिलेले आहे. पुस्तक विनामूल्य उतरवून घेता येते. परवान्यानुसार मूळ पुस्तकाला श्रेय देऊन भाषांतर व बदल करता येतात. छापण्यापूर्वी आवृत्तीवरील परवान्याचा मजकूर मात्र वाचून घ्यावा. मराठी प्रतिशब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व मराठी विश्वकोश जवळ असावेत. कूर्चा, अस्थिबंध, कंडरा हे शब्द एकदा निश्चित झाले की सर्व टिपणांत तेच वापरावेत.

चित्रांपेक्षाही प्रभावी साधन खाटकाच्या दुकानात मिळते. बकऱ्याच्या गुडघ्याचा न फोडलेला सांधा आणून हातमोजे घालून वर्गात उघडल्यास पांढरी, गुळगुळीत, चकाकणारी कूर्चा दिसते. बोटांच्या चिमटीत धरताच तार सुटणारा वंगणासारखा द्रव दिसतो. हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध व स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा यांतील फरक हाताला कळतो. ‘कूर्चा झिजते’ या वाक्याचा अर्थ त्यानंतर पाठ करावा लागत नाही. बहुतेक विद्यार्थ्यांनी घरी पाये शिजताना पाहिलेले असतात. त्यांना या प्रयोगाचे नावीन्य वाटते, भीती वाटत नाही.

३. ऐकण्याची व तपासण्याची साधने

निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या बोलण्यातच असतो. म्हणून पुस्तकातील लक्षणांच्या यादीऐवजी चार प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत.

पहिला : सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? झिजेच्या विकारात ही आखड सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटते. दाहजन्य विकारात ती तासभर किंवा अधिक राहते.

दुसरा : हालचालीने दुखणे वाढते की कमी होते? झिजलेला गुडघा चालण्याने दुखतो व विश्रांतीने शांत होतो. दाहजन्य कंबरदुखी उलट विश्रांतीने वाढते व हालचालीने कमी होते.

तिसरा : कोणते सांधे व किती? बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटे दोन्ही हातांत सुजली असतील तर ते झिजेचे चित्र नव्हे.

चौथा : केव्हापासून, आणि सोबत काय? एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि तापही असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो; त्या दिवशीच रुग्णालय गाठावे लागते. रात्री न थांबणारी पाठदुखी, वजन घटणे व बारीक ताप असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो.

या प्रश्नांना जोड म्हणून ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये मांडली गेलेली ‘गाल्स’ ही चाचणी शिकवावी. चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा हे चार भाग काही मिनिटांत तपासण्याची ही पद्धत आहे. तिची सुरुवात तीन प्रश्नांनी होते : स्नायू, सांधे किंवा पाठ यांत दुखणे वा आखड आहे काय, मदतीशिवाय पूर्ण कपडे घालता येतात काय, जिना चढता-उतरता येतो काय. ‘व्हर्सस आर्थ्रायटिस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश संस्थेकडे याविषयीचे शैक्षणिक साहित्य मिळते. मुलांसाठीच्या ‘पी-गाल्स’ चाचणीचे साहित्य न्यूकॅसल येथून चालवल्या जाणाऱ्या ‘पेडियाट्रिक मस्क्युलोस्केलेटल मॅटर्स’ या विनामूल्य संकेतस्थळावर आहे. लहान मुलांनाही संधिवात होतो, हे अनेक विद्यार्थ्यांना तेथेच प्रथम कळते.

मात्र परदेशी प्रश्न जसेच्या तसे विचारून भागत नाही. अमेरिकेत १९८० मध्ये तयार झालेल्या ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ या प्रश्नावलीचे भारतीय रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालणे अशा येथील क्रिया तिच्यात घेण्यात आल्या. आपल्या विद्यार्थ्यांनीही हाच मार्ग धरावा. साडी नेसता येते का, वेणी घालता येते का, पिठाचा गोळा मळता येतो का, भरलेली बादली उचलता येते का, नमाजात सजद्यातून आधाराशिवाय उठता येते का, हे प्रश्न रुग्णाला लगेच समजतात आणि उत्तरही नेमके येते.

४. भिगवणचा अभ्यास : वाचनासाठी एक नमुना

संशोधन कसे वाचावे हे शिकवण्यासाठी दूरच्या देशाचा निबंध शोधण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ हा समाजाधिष्ठित कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वेक्षण केले. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन दुखणाऱ्या लोकांची नोंद केली. अशा लोकांकडून सविस्तर प्रश्नावली भरून घेतली. नंतर डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अस्थिस्नायूंचा त्रास होता. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे अर्धा टक्का आढळले. हा अहवाल २००१ मध्ये भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा निबंध वर्गात तीन कारणांसाठी वाचावा. एक, त्यातील गाव विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या गावासारखे आहे. दोन, दुखणे आणि आजार यांतील फरक त्यात स्पष्ट होतो. दुखणाऱ्या प्रत्येकाला संधिवात नसतो. तीन, त्याची पद्धत लहान प्रमाणावर करून पाहता येते. विद्यार्थ्यांच्या गटाने एका गल्लीतील वीस-पंचवीस घरांत, लोकांची संमती घेऊन व नावे न नोंदवता, गेल्या सात दिवसांतील दुखण्याची चौकशी करावी आणि मानवाकृतीच्या चित्रावर जागा खुणावून घ्याव्यात. विद्यार्थ्यांनी निदान सांगू नये, औषध तर मुळीच सुचवू नये. धोक्याची खूण दिसल्यास रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

५. चाचण्यांचा अर्थ : गणिताचा एक पाठ

प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी भिगवणचा अर्धा टक्का फार मोलाचा आहे. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही चाचणी या आजाराच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत सकारात्मक येते. पण सुमारे ५ टक्के निरोगी लोकांतही ती सकारात्मक येऊ शकते. आता १,००० लोकांची चाचणी केली असे समजू. अर्ध्या टक्क्याने ५ जण खरे रुग्ण. त्यांपैकी ४ सकारात्मक. उरलेल्या ९९५ पैकी सुमारे ५० निरोगी लोकही सकारात्मक. म्हणजे ५४ सकारात्मक अहवालांत खरे रुग्ण चारच, सुमारे ७ टक्के. हीच चाचणी सांधे सुजलेल्या व सकाळी तासभर आखडणाऱ्या रुग्णांत केली तर तिचा अर्थ पालटतो. प्रश्न आधी, चाचणी नंतर, हा क्रम का पाळावा हे या पाच ओळींच्या गणितातून पटते.

युरिक आम्लाचेही तसेच. पातळी वाढलेल्या अनेकांना गाउट कधीच होत नाही. उलट झटक्याच्या ऐन वेळी पातळी सामान्य असू शकते. खात्रीचा पुरावा म्हणजे सांध्यातील द्रवात ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे स्फटिक. ही पद्धत मॅकार्टी व हॉलंडर यांनी १९६१ मध्ये मांडली. क्ष-किरण चित्रांसाठी केलग्रेन व लॉरेन्स यांची १९५७ ची शून्य ते चार अशी श्रेणी शिकवावी. मात्र चित्रातील झीज व रुग्णाची वेदना यांचा मेळ बसेलच असे नाही, हे सोबत सांगावे.

६. निकष, मार्गदर्शक सूचना आणि औषधे

वरच्या वर्गांसाठी दोन दस्तऐवज पुरेसे आहेत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे २०१० चे अमेरिकन-युरोपीय निकष दहा गुणांचे असून सहा किंवा अधिक गुण मिळाल्यास रुग्ण या वर्गात धरला जातो. सांध्यांची संख्या, रक्तातील प्रतिद्रव्ये, दाहाच्या चाचण्या व सहा आठवड्यांचा कालावधी यांना गुण आहेत. काल्पनिक रुग्णांना गुण देण्याचा सराव वर्गात उत्तम होतो. हे निकष संशोधनातील वर्गीकरणासाठी आहेत, ही सूचना मात्र विसरू नये.

दुसरा दस्तऐवज ब्रिटनमधील नाइस संस्थेची ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयीची २०२२ ची मार्गदर्शक सूचना. वय ४५ किंवा अधिक, हालचालीशी निगडित सांधेदुखी, आणि सकाळची आखड नाही किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, एवढ्यावर क्ष-किरणाशिवाय निदान करावे असे ती सांगते. उपचारात व्यायाम आणि गरज असल्यास वजन कमी करणे यांना ती अग्रक्रम देते. ग्लुकोसामिनची शिफारस ती करत नाही. भौतिकोपचार व औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांनी ती मुळातून वाचावी.

औषधनिर्माणाच्या वर्गात एक गोष्ट प्रत्येक सत्रात पुन्हा सांगावी. मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. पाकिटावर वाराचे नाव रुग्णाच्या भाषेत लिहून देणे, हे येथे प्राण वाचवणारे साधन ठरते. त्याचप्रमाणे ‘वाताच्या पुड्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो; पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि दीर्घकाळ घेतलेली पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. अशा रुग्णाला दोष न देता पुडीसह डॉक्टरांकडे पाठवावे.

७. आपल्या प्रदेशाचे दाखले

आयात केलेल्या पुस्तकांत न सापडणारे दोन विषय टिपणांत जोडावेत. पहिला चिकुनगुन्या. २००६ च्या साथीत महाराष्ट्र व कर्नाटकासह अनेक राज्यांत या आजाराचे लाखो संशयित रुग्ण नोंदले गेले. आफ्रिकेतील माकोंदे भाषेतील या नावाचा अर्थच ‘वाकवणारा’ असा आहे. ताप उतरल्यावर महिनोन्महिने राहणारी सांधेसूज ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखी दिसते, म्हणून साथीचा इतिहास विचारणे आवश्यक ठरते.

दुसरा विषय हाडांचा फ्लोरोसिस. हैदराबादच्या विद्यार्थ्यांना नलगोंडा जिल्हा जवळचा आहे. तेथील भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे पिढ्यान्पिढ्या लोकांचे कणे ताठरले व पाय वाकले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली पद्धत ‘नलगोंडा तंत्र’ याच नावाने ओळखली जाते. सांध्यांच्या आरोग्याचा प्रश्न कधी विहिरीपर्यंतही पोहोचतो, हे विद्यार्थ्यांना येथे दिसते.

८. साधन निवडताना

इंटरनेटवरील चित्रफिती व लेख विद्यार्थी पाहणारच. म्हणून त्यांना पुढील चार कसोट्या द्याव्यात.

(१) साधन आजाराचा प्रकार सांगते की सर्व सांधेदुखीला एकच उपाय देते?

(२) लेखक, संस्था व शेवटची सुधारणा केव्हाची, हे दिलेले आहे काय?

(३) तात्काळ डॉक्टरांकडे केव्हा जावे हे सांगितले आहे काय?

(४) शेवटी काही विकत घ्यावयास सांगितले जाते काय?

पहिल्या कसोटीवरच बरेचसे साहित्य बाद होते.

समारोप

वरील साधनांपैकी बहुतेक विनामूल्य आहेत : जुनी चित्रे, मुक्त पुस्तक, खाटकाकडील सांधा, भिगवणचा निबंध, दोन दस्तऐवज आणि विद्यार्थ्यांनीच केलेली शब्दपत्रिका. त्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम अध्यापकाचे आहे. प्रत्येक विभागाने येत्या सत्रात निदान एक गोष्ट करावी : वरील चार प्रश्न मराठी, उर्दू व स्थानिक भाषेत एका पानावर छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावेत आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांवर गुण ठेवावेत. सुजलेल्या बोटांची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला ‘सकाळी हात किती वेळ आखडतात?’ असे विचारणारा विद्यार्थी तयार झाला, तर तिची सहा आठवड्यांची मुदत हातची जाणार नाही.